बोडीतल्या गोगलगायींवरून पाण्याची पारख

भंडारा-गोंदियाकडील मामा (माजी मालगुजारी) तलावाचे किंवा बांधालगतच्या बोडीचे, म्हणजे लहान तळ्याचे, पाणी कसे आहे याचा अंदाज घ्यायचा असेल, तर आधी गोगलगायींचे दोन गट ओळखता आले पाहिजेत. शंखाच्या तोंडाशी झाकणी असलेली बेलामिया कल्ल्याने पाण्यातला प्राणवायू घेते आणि अंडी न घालता थेट पिले देते. झाकणी नसलेल्या लिम्निया आणि चपट्या वेटोळ्याची इंडोप्लॅनॉर्बिस पाण्यावर येऊन हवा घेतात, म्हणून सांडपाण्याने प्राणवायू घटला तरी त्या तग धरतात. मोठी पायला मात्र झाकणी असूनही कल्ला आणि फुप्फुस दोन्ही बाळगते. तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

सकाळी काठालगत ठरलेल्या जागी दहा मिनिटे चाळणीने गाळ व शेवाळ खंगाळून सापडलेल्या गोगलगायी परातीत मोजाव्यात. रबरी हातमोजे अवश्य घालावेत, कारण इंडोप्लॅनॉर्बिसमधून बाहेर पडणाऱ्या जनावरांच्या कृमींच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरून खाज उठवतात. रिकामे बेलामिया-शंख भरपूर आणि जिवंत बेलामिया दुर्मिळ, पण लिम्निया उदंड, असे चित्र पावसाळ्यानंतरही दिसले तर शंका घ्यावी. मे महिन्यात बोडी आटल्यावरची मोजणी मात्र फसवी ठरते.

शंका आली, की दोन काचेच्या बरण्या घ्याव्यात: एकीत विहिरीचे पाणी, दुसरीत बोडीचे. तांब्याचे भांडे चुकूनही वापरू नये. लिम्नियाला लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आतले तांबेही मारक ठरू शकते, आणि संत्र्याच्या बागेतल्या बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातला मोरचूद (तांब्याचा क्षार) ओढ्यात उतरला तर तेथेही तेच घडते. दुसऱ्या, स्वच्छ तलावातल्या पाच-पाच सारख्या आकाराच्या लिम्निया दोन्ही बरण्यांत सोडून पहिला तासभर नीट पाहावे आणि पुन्हा चोवीस तासांनी पाहावे. निरोगी गोगलगाय शिंगे ताणून काचेवर सरकते, आणि काचेवर शेवाळ असेल तर त्यावर तिच्या खरवडणाऱ्या जिभेची नागमोडी रेघ उमटते. त्रास झालेली मात्र शंखात आक्रसते, बुळबुळीत स्राव सोडते, पकड सुटून तळाशी पडते किंवा पाण्याबाहेर चढून बसते. हे फक्त बोडीच्या बरणीत घडले तरच त्याला अर्थ आहे, आणि तेव्हाही दोष फवारणीच्या औषधाचा की साबणाचा हे गोगलगाय सांगत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. उरलेल्या गोगलगायी जिथून आणल्या तिथेही सोडू नयेत, कारण त्यांच्याबरोबर बोडीच्या पाण्यातले काहीही त्या तलावात जाऊ शकते. त्या उकळत्या पाण्यात टाकून काठापासून दूर पुराव्यात.