पिकअपच्या मागच्या एअर बॅगा निवडताना आधी काटा, मग खरेदी

माझं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. उसाच्या हंगामात दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की त्याची पुढची चाकं उचलायची. चाकं हवेत असली की स्टेअरिंग कितीही फिरवा, ट्रॅक्टर सरळच जाणार. तो प्रकार लहानपणी शंभरदा पाहिला होता, तरी तीच गोष्ट माझ्या स्वतःच्या गाडीत होतेय हे अमेरिकेत आल्यावर कळायला मला एक अख्खी ट्रिप लागली.

आम्ही कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. गाडी फोर्ड एफ-150 पिकअप, मागे पाट्यांची (लीफ स्प्रिंगची). तिच्यामागे 24 फुटी कॅम्पिंग ट्रेलर असतो, आणि एरवी हौद्यात खडी, लाकूड, भाद्रपदात मंडळाच्या गणपतीच्या स्टेजचं प्लायवूड आणि प्रसादाची मोठी पातेली. ट्रेलर जोडला की गाडी मागून चांगलीच बसायची. दुकानात सांगितलं, ‘एअर बॅगा टाका, सरळ होईल.’ टाकल्या, हवा भरली, गाडी अगदी सपाट दिसायला लागली. मग यलोस्टोनला निघालो. लॅरामीवरून आय-80 ने रॉलिन्सकडे जाताना वायोमिंगचा तो प्रसिद्ध आडवा वारा लागला आणि स्टेअरिंग हातात पाण्यावर तरंगल्यासारखं झालं. बायको आणि दोन्ही मुलं गाडीत. ताशी 50 मैलांवर आणून, उजवी लेन धरून रॉलिन्स गाठलं. तिथून पुढे मी बॅगांबद्दल नीट शिकलो, आणि तेच इथे लिहितोय.

पहिली गोष्ट: एअर बॅग म्हणजे स्टेअरिंगमधली सुरक्षेची नव्हे, तर मागचा ॲक्सल आणि चेसी यांच्यामध्ये बसणारा रबरी फुगा. तो मागची बाजू वर उचलतो. पण ट्रेलरच्या जिभेचं, म्हणजे गाडीला जोडणाऱ्या त्याच्या पुढच्या दांड्याचं, वजन बंपरच्या मागे, ॲक्सलच्याही मागे पडतं, आणि तराजूच्या दांडीसारखं ते पुढचा ॲक्सल हलका करतं. फुग्यात हवा भरल्याने हे वजन पुढे परत जात नाही. गाडी सपाट दिसते, पुढची चाकं हलकीच राहतात. वजन पुढे ढकलण्याचं काम वेट डिस्ट्रिब्युशन हिच (वजन वाटून देणारी ट्रेलरची जोडणी) करतं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांच्या ताणाने.

म्हणून बॅगा घेण्याआधी काट्यावर जा. गावाकडे कारखान्याच्या गेटवर जसा वजनकाटा असतो, तसा इथे मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. तीन वेळा वजन करा: नुसती गाडी माणसांसकट, मग ट्रेलर जोडून पण दांड्या न लावता, मग दांड्या लावून. माझे आकडे देतो, कारण नुसत्या शब्दांत हे डोक्यात बसत नाही. नुसती गाडी: पुढे 3,220 पौंड, मागे 2,800. ट्रेलर जोडला, दांड्या नाहीत: पुढे 2,860, मागे 3,960, ट्रेलरची चाकं 5,400. म्हणजे जिभेचं वजन 800, पण मागच्या ॲक्सलवर पडले 1,160, कारण पुढचे 360 पौंडही मागे आले. माझ्या मागच्या ॲक्सलची मर्यादा 3,800 आहे, ती ओलांडली गेली होती. दांड्या लावल्यावर: पुढे 3,060, मागे 3,660, ट्रेलर 5,500.

आता ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवरचं पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्या गाडीवर 1,630 पौंड. हिशेब केला: आम्ही चौघे 560, हिच 90, ट्रेलरची जीभ 800, आणि हौद्यात जनरेटर, लाकूड, खोकी मिळून 300. बेरीज 1,750. बॅगा बसवल्या म्हणून ही मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही. मोठमोठे आकडे छापणाऱ्या बॅगांच्या कंपन्याही हेच सांगतात. ॲक्सल, चाकं, टायर, ब्रेक, चेसी सगळं जुनंच असतं. मी जनरेटर आणि लाकूड घरी ठेवायला लागलो. ते ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेऊन जीभ हलकी करू नका. जिभेवर ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावेत, त्याखाली गेलात तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि ते वाऱ्यापेक्षा वाईट.

हे सगळं मर्यादेत असूनही गाडी मागून बसत असेल, तर बॅगा जरूर घ्या. मी बॅगा वापरणं सोडलेलं नाही, आणि सोडणारही नाही. खडीच्या कामाला तर त्या फार उपयोगी आहेत. अर्धा घनयार्ड खडी म्हणजे साधारण 1,400 पौंड, सगळं हौद्यात, आणि तिथे हिचचा काही संबंधच येत नाही.

निवड सुरू होते गाडीखाली वाकून. मागे पाटे आहेत की कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग), ते बघा. एफ-150 आणि सिल्व्हराडो 1500 ला पाटे. रॅम 1500 ला 2009 पासून मागे कॉइल, टुंड्राला 2022 पासून. कॉइल असेल तर बॅग कॉइलच्या पोटात जाते. एअर लिफ्ट 1000 ही त्या जातीची, कमाल दाब 35 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि क्षमता जोडीला 1,000 पौंड. पाट्यांच्या गाडीला ॲक्सल आणि चेसीच्या मध्ये बसणाऱ्या मोठ्या बॅगा मिळतात: एअर लिफ्टची लोडलिफ्टर 5000, फायरस्टोनची राइड-राइट. दाब 5 ते 100 पीएसआय, उचल जोडीला 5,000 पौंडांपर्यंत. तुम्हाला 5,000 कधीच लागणार नाहीत, पण मोठी बॅग कमी दाबावर तेच काम करते. कंपनीनेच हवेचं सस्पेन्शन दिलेली गाडी असेल तर वरून काही बसवू नका.

लोडलिफ्टरमध्येच ‘अल्टिमेट’ नावाचा प्रकार आहे. साध्या किटमध्ये बसवताना मूळ बंपस्टॉपचा, म्हणजे ॲक्सल चेसीवर आपटू न देणारा, रबर काढावा लागतो, मग हवा गेली तर बॅग चेपून लोखंडावर लोखंड आपटतं. अल्टिमेटमध्ये तो रबर बॅगच्या आतच असतो. वाळवंटात, डोंगरात, रेंज नसलेल्या रस्त्यावर नळी फुटली तरी हळूहळू गावापर्यंत येता येतं. मी दुसऱ्या वेळी हीच घेतली, आणि पहिल्यांदाच घेतली असती तर बरं झालं असतं. ज्यांना हवेची कटकट नको, आणि गाडीवर नेहमी साधारण तेवढंच ओझं असतं, त्यांना टिम्ब्रेनचे रबरी स्प्रिंग पुरेसे आहेत.

दोन बॅगांना दोन वेगळे व्हॉल्व्ह ठेवा. टी आकाराच्या एकाच जोडाने दोन्ही जोडल्या तर वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत जाते आणि गाडी आणखी कलते. शिवाय एका बाजूला पातेली आणि एका बाजूला पडदे असं भरलं तर डावं-उजवं वेगळं सावरता येतं. गाडीतून बटण दाबून हवा भरणारा कॉम्प्रेसर हवाच असेल, तर दोन्ही बाजू वेगळ्या चालवणारा घ्या. मी टायरचाच छोटा पंप वापरतो.

बसवणं घरी होतं. बॅग फुगल्यावर तिच्या चहूबाजूंनी अर्धा इंच तरी जागा मोकळी राहिली पाहिजे, ब्रेकच्या नळीला घासता कामा नये. हवेची नळी सायलेन्सरपासून 6 इंच लांब, आणि कापताना अगदी सरळ, नव्या ब्लेडने. तिरकी कापलेली नळी सांध्यात बसल्यासारखी वाटते आणि दोन दिवसांनी सुरसुरायला लागते. काम झालं की साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे येतात का पाहा. नंतर कधी चेसीवर जॅक लावलात तर ॲक्सलखाली आधार द्या. लोंबता ॲक्सल बॅगेला तिच्या लांबीपेक्षा जास्त ओढतो.

आणि दाब. मोजपट्टी घेऊन सपाट जागेवर चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा, गाडी रिकामी असताना. माझी पुढे 36.5 इंच, मागे 38.5. ट्रेलर जोडला की पुढे 37.5, मागे 35.75. बॅगांत 8 पीएसआय ठेवून आधी दांड्या ताणतो, पुढची उंची 37 च्या आसपास येईपर्यंत. हिचच्या पुस्तकात तुमच्या गाडीसाठी जे लिहिलंय ते पाळा. मग बॅगांत हवा भरून मागची थोडी उचलतो, साधारण 25 पीएसआयला. हवा भरल्याने दांड्यांचा ताण थोडा सैल होतो, म्हणून पुढची उंची पुन्हा मोजतो. ती वर गेली असेल तर हवा सोडतो, कारण मागची बाजू इंचभर बसलेली चालते, पण पुढची हलकी चालत नाही. खडीला 45 लागतात.

गेज लावताना एक लक्षात ठेवा. बॅगेत हवा मुळात थोडीच असते, त्यामुळे प्रत्येक वेळी गेज लावलं की 2-3 पीएसआय निसटतात. रोज तपासत बसलात तर गळतीशिवायच बॅग उतरेल आणि तुम्ही गळती शोधत राहाल. मी निघताना 3 जास्त भरतो आणि एकदाच मोजतो. थंडीत दाब आपोआप उतरतो, जानेवारीच्या सकाळी 8 पीएसआयचे 6 दिसले तर घाबरू नका. पण 5 च्या खाली जाऊ देऊ नका, रिकाम्या बॅगेला घडी पडून ती तिथेच चिरते. आणि ट्रेलर सोडल्या सोडल्या, अंगणातच, हवा उतरवा. 25 वर रिकामी गाडी पावसाळी रस्त्यावर मागून उड्या मारते, वळणावर मागची चाकं घसरू शकतात. मी डॅशबोर्डवर पिवळा कागद चिकटवलाय: ‘हवा काढली का?’ मुलं तो मोठ्याने वाचतात, आणि मी उतरतो.