विदर्भातील परसबागेला पाणी देण्याचे साधन कसे निवडावे

पाइप घ्यावा, झारी घ्यावी की ठिबक बसवावे, हे ठरवण्यापूर्वी अंगणातील माती आणि मिळणारे पाणी पाहावे. विदर्भातील काळी माती पाणी सावकाश शोषते व बराच काळ धरून ठेवते. पाइपने जोरात सोडलेले पाणी वाफ्याबाहेर वाहते, आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली असल्यास तेच पाणी भेगांतून मुळांना चुकवून खाली जाते. म्हणून आधी खुरप्याने भेगा बुजवाव्यात. बोटभर खोल उकरून ओल लागली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात, बोअरचे पाणी सतत दिल्यास जमीन चिबड व टणक होते. तेथे साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी भाजीसाठी राखून ठेवणे, हे कोणत्याही साधनापेक्षा महत्त्वाचे आहे.

नळ काही दिवसांआड येत असेल आणि विजेचा भरवसा नसेल, तर २०० लिटरचा ड्रम विटांच्या ओट्यावर मीटरभर उंच ठेवून त्याला ठिबकच्या नळ्या जोडणे माझ्या मते सर्वांत सोयीचे. मात्र ड्रिपरवर, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोटीवर, लिहिलेला ताशी ४ लिटरचा वेग साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाला धरलेला असतो. मीटरभर उंचीवर त्याचा दहावा हिस्साच दाब मिळत असल्याने पाणी सुमारे एक तृतीयांश वेगानेच पडते. त्यामुळे ड्रिपरखाली पेला ठेवून तासाभराचे पाणी मोजावे आणि त्यावरून वेळ ठरवावी. दुकानदार दाब-नियंत्रित ड्रिपर महाग म्हणून चांगले असे सांगेल, परंतु एवढ्या कमी दाबावर ते नीट चालत नाहीत, साधेच घ्यावेत. ड्रमच्या तोटीला जाळीची गाळणी हवीच.

दोडके, कारले अशा मोजक्या वेलांसाठी कुंभाराकडील न रंगवलेले, पाणी झिरपू देणारे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व डासांसाठी झाकावे. सांबार (कोथिंबीर), मेथीच्या वाफ्याला बारीक छिद्रांची झारीच बरी, कारण धारेने बी उघडे पडते.

साधन कोणतेही असो, पाणी सकाळी लवकर द्यावे आणि झाडांच्या बुडाशी सोयाबीनचे कुटार (भुसा) दोन-तीन इंच पसरावे. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नये. पावसाळ्यात नळ्या गुंडाळून घरात टांगाव्यात, नाहीतर उंदीर त्या कुरतडतात.