हॉट हॅच वळणावर नाक बाहेर टाकते? कॉइलओव्हरची घाई नको

पुढच्या चाकांवर चालणारी हॉट हॅच (दमदार इंजिनाची छोटी हॅचबॅक) जोरात वळवली की नाक बाहेर पळतं. कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि डँपरचा (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) एकत्र संच, लगेच घेऊ नका; खर्च या क्रमाने करा:

१. टायर पाहा. पुढच्यांची फक्त बाहेरची कड झिजली असेल, तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) बहुधा कमी पडतोय.
२. कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) चिरलेले रबरी बुश बदला, मगच अलाइनमेंट करा, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या. बऱ्याच गाड्या इथेच सुधारतात.
३. तरीही भागलं नाही, तर मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा).
४. स्प्रिंग आणि डँपर जोडीनेच घ्या. जुन्या डँपरवर नुसत्या कडक स्प्रिंग बसवल्या की गाडी खड्ड्यानंतर उसळतच राहते.

बार अ‍ॅडजस्टेबल असेल तर सर्वांत मऊ सेटिंगपासून सुरुवात करा. मागचा बार कडक असताना ओल्या रस्त्यावर, वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडलात तर मागची बाजू घसरू शकते.