मराठी जेवणासोबत ड्राय वाईन: निवड, गारवा आणि जोडी

ड्राय म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली वाईन. द्राक्षरसातली साखर यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल केलं की मागे गोडी राहत नाही. युरोपच्या नियमात लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाईन ड्राय. (आंबटपणा पुरेसा असेल तर ९ ग्रॅमपर्यंत चालते.) ड्राय म्हणजे तुरट, हा समज मात्र सोडून द्यावा. पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते तो तुरटपणा. रेड वाईनमध्ये तो द्राक्षाच्या साली-बियांतून येतो आणि त्याला टॅनिन म्हणतात. गोड वाईनसुद्धा तुरट असू शकते, आणि ड्राय व्हाईटमध्ये तुरटपणा बहुतेक नसतोच.

वासानेही फसायला होतं. पेरू किंवा अननसासारखा वास आला की वाईन गोड वाटते. अशा वेळी नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा. वास बंद झाला की जिभेवर खरी गोडी आहे की नुसता आंबटपणा, ते लगेच कळतं.

दुकानात बाटली निवडताना आधी लेबलवरचं साल, म्हणजे वर्ष, बघा. आपल्याकडे द्राक्षाची एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) होते, पावसाळा सरताना गोडी छाटणी (फळासाठी) होते, आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. लेबलवरचं साल हे या तोडणीचं असतं. नाशिकची सॉव्हिन्यॉन ब्लाँ किंवा शेनिन ब्लाँ (दोन्ही व्हाईट, नावं द्राक्षाच्या जातींची) दोन वर्षांच्या आतली घ्यावी. ताजेपणा हाच या वाईनचा गुण आहे आणि तो बाटलीत वाढत नाही. रेड तीन-चार वर्षांची चालते, पण ती कुठे ठेवली होती हे सालापेक्षा महत्त्वाचं. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका. बूच वर आलेलं असेल किंवा तोंडाशी चिकट ओघळ असेल तर ती तापलेली आहे, आत शिजवलेल्या फळाची चव लागणार. फिरकीचं झाकण हलक्या मालाची खूण नाही. लवकर प्यायच्या व्हाईटला तेच बरं, कारण कुजकट बुचाचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लागायची भीती राहत नाही. तळाशी खडीसाखरेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नका. ते द्राक्षातल्याच आम्लाचे क्षार असतात.

लेबलवरच्या दोन शब्दांना जपा. गोव्यात आणि इतरत्र स्वस्तात मिळणारी ‘पोर्ट’ गोड असते. ती जेवणासोबत ड्राय म्हणून घेऊ नये. आणि फेसाळ वाईनवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेलं असेल तर ती ‘ब्रूट’पेक्षा गोड असते: ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. नाव ऐकून उलटंच वाटतं, म्हणून इथे हमखास चूक होते. शेनिन ब्लाँ ड्रायही मिळते आणि किंचित गोडही, तेव्हा मागचं लेबल वाचूनच घ्यावी.

आता गारवा. इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त वाईन बिघडते. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम थंड देशातल्या १७-१८ अंशांच्या खोल्यांचा आहे. आपली खोली मार्च-एप्रिलमध्ये ३० अंशांवर असते. इतक्या उष्ण रेडमध्ये अल्कोहोल नाकात झोंबतं आणि फळाचा वास दबून जातो. ‘अर्धा तास फ्रिजमध्ये’ हा सल्लाही इथे पुरत नाही. फ्रिजमधली हवा बाटलीला सावकाश गार करते, त्यामुळे ३० वरून १७-१८ वर यायला दीड-दोन तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते आणि बाटली नीट गार होत नाही, म्हणून पाणी हवंच. रेडला १०-१२ मिनिटं, व्हाईटला २०-२५, फेसाळला अर्धा तास. मूठभर मीठ टाकलं तर आणखी लवकर. व्हाईट ८ ते १० अंशांवर उत्तम लागते. रात्रभर फ्रिजमध्ये असलेली बाटली त्याहून थंड असते, म्हणून ती दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर वास मिटलेलाच राहतो. पेल्यात १२० मिलीच ओता. ७५० मिलीच्या बाटलीत असे सहा पेले होतात, आणि थोडी ओतली तर ती गरम व्हायच्या आत संपते.

जोडी जमवताना तीन गोष्टी सांभाळल्या की पुष्कळ काम होतं.

पहिली, आंबटपणा. वाईन पदार्थाइतकी तरी आंबट हवी. लिंबू पिळलेल्या सुरमईसोबत मऊ, कमी आंबट वाईन पाण्यासारखी लागते, सॉव्हिन्यॉन ब्लाँ मात्र टिकते. रवा लावून तळलेल्या सुरमईवर ब्रूटही छान, कारण बुडबुडे आणि आम्ल तेलाचा थर जिभेवरून धुऊन काढतात. याच कारणाने कांदाभजी आणि कोथिंबीर वडीसोबतही ती चालते. कोथिंबीर वडीला सॉव्हिन्यॉन ब्लाँ जास्त जवळची, दोघींचा वास हिरवा. बांगड्यासारख्या तेलकट माशासोबत रेड टाळा: रेडमधल्या लोहामुळे माशाच्या तेलाला उग्र वास सुटतो.

दुसरी, गूळ. पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की ड्राय वाईन एकदम आंबट आणि कडसर लागते. चिंच-गुळाची आमटी आणि अळूवडी यात नेहमी अडचण करतात. अशा ताटात गूळ निम्मा करा किंवा किंचित गोड शेनिन काढा. पुरणपोळी, श्रीखंडासोबत ड्राय वाईन नकोच.

तिसरी, तिखट, आणि ही सगळ्यात अवघड. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग वाढवतात. तांबड्या रश्श्यासोबत १४ टक्के अल्कोहोलची भारी कॅबर्ने (टॅनिन जास्त असलेली रेड) घेतली तर रश्शाची चवही जाते आणि वाईनचीही. तिथे १२ टक्क्यांच्या आसपासची, नीट गार केलेली व्हाईट किंवा रोझे (गुलाबी वाईन) घ्या. पांढऱ्या रश्श्याचं उलट आहे. नारळ, काजू, खसखशीचा तो मऊपणा ड्राय शेनिनला फार शोभतो. मिसळीसोबत कुठलीच वाईन काढू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिला ताकच हवं.

रेड काढायची ती सुक्या मटणासोबत. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला धरतात, म्हणून तुरटपणा मऊ लागतो. मटण भाजक्या खोबऱ्याचं, मिऱ्याचं, मध्यम तिखट असावं. नाशिकची शिराझ किंवा अकलूजच्या बाजूची सँजोव्हेजे, या दोन्ही रेड बसतात. सँजोव्हेजेत आंबटपणा जास्त, म्हणून टोमॅटोचा मसाला असेल तर ती घ्यावी. मीठ थोडं कमी पडलं असेल तर वाईन जास्त कडू वाटते. आधी मीठ बघा, मग बाटलीला दोष द्या.

जोडी जमली का, हे ताटावरच तपासता येतं. एक घोट वाईन, मग एक घास, घास पूर्ण गिळून पुन्हा घोट. दुसऱ्या घोटात फळाची चव पहिल्याइतकी किंवा जास्त लागली तर जमलं. नुसता आंबटपणा उरला तर गोडी नडली, घशात जळजळ झाली तर तिखट. पाहुणे यायच्या आधी रश्शाच्या दोन चमच्यांवर हा प्रयोग करून ठेवावा.

उरलेली वाईन, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवा. व्हाईट तीन दिवस, रेड तीन-चार दिवस टिकते, फेसाळ मात्र दुसऱ्या दिवशीच संपवावी. अर्धी बाटली उरणार हे आधीच ठाऊक असेल तर उघडल्याबरोबर ३७५ मिलीची स्वच्छ, वास नसलेली बाटली गळ्यापर्यंत भरून बंद करा. आत हवा नसली की वाईन आणखी दोन दिवस निघते.