महाकामकाठी राहायला येताय? घर भाड्यानं घ्या

गेल्या दोन वर्षांत चंद्रपूर-वणीकडची तीन पोरं कोळशाच्या कामाला इकडे इंडोनेशियातल्या पूर्व कालिमंतानात, महाकाम नदीकाठी आली, आणि तिघांनीही सहा महिन्यांच्या आत मला एकच गोष्ट विचारली: "दादा, नदीकाठी एखादा प्लॉट बसतो का?" दर वेळी तेच उगाळण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी २००८ साली आलो. जेट्टीवर कोळशाचे नमुने काढायचं काम. आधी समारिंडा शहरात राहायचो, मग रोजची ये-जा नको म्हणून कोता बांगुनच्या वरच्या अंगाला एका गावात बिऱ्हाड हलवलं, ते तिथंच राहिलं. 'वर' म्हणजे उगमाकडे. इथं पत्ता विचारला तर उजवं-डावं कुणी सांगत नाही. हुलू म्हणजे वरचं, हिलिर म्हणजे खालचं. एवढे दोन शब्द आले की अर्धं गाव सापडलं.

पैशाचं आधी. इथलं चलन रुपिया. 'रिबु' म्हणजे हजार, 'जुता' म्हणजे दहा लाख. 'लिमा जुता' ऐकून आमचा एक पोरगा स्वतःच्या पायाकडे बघायला लागला होता. शून्यांची सवय व्हायला महिना जातो. तोवर नोटा मोजून घ्या, मोजून द्या.

गावात आल्या दिवशी 'पाक आरटी'कडे, म्हणजे वाडीच्या प्रमुखाकडे, पासपोर्टची प्रत घेऊन जा. डास आहेत. शाकाहारी असाल तर सोयाबीनच्या तेम्पे-ताहूवर भागेल, पण सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, कोळंबीचं तेरासी असतं, विचारून घ्या. पिण्याला विकतचा गॅलन. नदीचं पाणी पिऊ नका, कारण आंघोळीचा तराफा आणि संडासाचा तराफा एकाच काठाला बांधलेले असतात. मला पहिल्याच वर्षी टायफॉइड झाला, तेव्हा हे कळलं.

घर बघायचं कसं, हे मात्र नीट वाचा. घरं खांबांवर असतात, जुनी चांगली घरं उलिनच्या लाकडाची. उलिन पाण्यात टाकलं तर बुडतं आणि वर्षानुवर्षं सडत नाही. आधी भोक पाडल्याशिवाय त्यात खिळा जात नाही. घरमालक तुम्हाला दिवाणखाना दाखवेल, नवी लादी दाखवेल. तुम्ही खाली उतरा आणि शेजाऱ्याच्या खांबाकडे बघा. शेजाऱ्याच्याच, कारण भाड्याच्या घराचे खांब बहुतेक वेळा ताजे रंगवलेले असतात. खांबावर गाळाच्या फिकट रेघा दिसतील, एकावर एक. सगळ्यात वरची रेघ तुमच्या होऊ घातलेल्या घराच्या जमिनीच्या वर जात असेल, तर पुराच्या दिवसांत तुम्ही खाटेवर खाट रचून झोपणार. मी झोपलोय. फ्रिज टेबलावर, गॅस त्याच्याही वर, आणि स्वयंपाकघरात पायाला मासे लागतायत.

दुसरं, कानांनी बघा. गावात बिनखिडक्यांच्या, नुसती भोकं ठेवलेल्या उंच सिमेंटच्या पेट्या दिसतील. ती माणसांची घरं नाहीत. वालेट नावाची पाकोळी आत लाळेचं घरटं करते आणि ते घरटं चिनी सुपासाठी सोन्याच्या मोलानं विकलं जातं. पक्षी यावेत म्हणून छपरावरच्या कर्ण्यातून दिवसभर चिवचिवाटाची टेप चालू. दलाल म्हणेल, 'ही खरी गुंतवणूक.' आमच्या गल्लीतल्या चार पेट्यांपैकी दोन वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, टेप मात्र चारींची वाजते. घर पेटीपासून लांब घ्या.

आता जमीन. इथं मी सावकाश लिहितो, तुम्हीही सावकाश वाचा.

इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानं 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, ही माणूस म्हणून फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. परदेशी माणसाच्या हाती मालकी जाईल असा कुठलाही व्यवहार कलम २६ खाली मुळातच रद्द. जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसेही परत मिळत नाहीत. याला पळवाट म्हणून जे सुचवतात, ते आपल्याकडचंच बेनामी: जमीन स्थानिक माणसाच्या नावावर, पैसे तुमचे, आणि मध्ये एक कराराचा कागद. त्या कागदाला कोर्टात काडीची किंमत नाही, कारण कायदा चुकवायला केलेला करार कोर्ट तुमच्यासाठी कसा राबवेल?

हे सगळं मला माहीत होतं. तरी २०१३ मध्ये मी नदीकाठचा तुकडा घेतला, जेट्टीवरच्या एका सहकाऱ्याच्या नावावर. माणूस देवासारखा होता, आजही तसंच म्हणेन. जमीन आणि त्यावरचं घर मिळून १४० जुता, तेव्हाचे आपले साडेसात-आठ लाख रुपये. चार वर्षांनी तो हृदयविकारानं गेला. चाळिसाव्या दिवसानंतर त्याचे भाऊ आले. भांडले नाहीत, चहा घेतला, आणि म्हणाले, वहिनीला दोन लहान मुलं आहेत, कागदावर नाव भावाचं आहे. खोटं काय होतं त्यात? घर त्यांचं झालं. मी त्याच घरात राहतो, वर्षाला १२ जुता भाडं भरून. खिडक्यांचं लाकूड मी निवडलंय, मागचा जिना मी बांधलाय, आणि दर जानेवारीत पावती भाडेकरू म्हणून माझ्या नावावर फाटते.

कायदा अन्यायाचा आहे, असं इथले काही भारतीय बैठकीत म्हणतात. आपल्या जिल्ह्यात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजी घेता येत नाही, ते बरोबर वाटतं ना? मग हेही बरोबरच आहे.

शिवाय जमिनीचा तो कागद तरी कसला होता! गावाच्या प्रमुखाच्या सहीशिक्क्याचा. त्याला इथं 'सेगेल' किंवा 'एसकेटी' म्हणतात. तुम्हाला तो सातबाऱ्यासारखा वाटेल. पण मालकीचा दाखला म्हणजे जमीन कार्यालयाचं 'सेर्तिफिकात', बाकी सगळं 'अमका इथं वहिवाट करतो' एवढंच सांगतं. एकाच तुकड्याचे दोन सेगेल निघालेले मी पाहिलेत. त्यात गावाभोवतीची बरीच जमीन कागदोपत्री वनक्षेत्रात, काही कोळशाच्या परवान्याखाली, आणि अगदी काठावरची नदीच्या राखीव पट्ट्यात. शहराबाहेर महाकामसारख्या मोठ्या नदीला हा पट्टा किमान १०० मीटर. म्हणजे ज्या दृश्यासाठी तुम्ही प्लॉट घेणार, नेमकं तिथंच सेर्तिफिकात निघायची मारामार.

कायदेशीर रस्ता आहे, 'हाक पाकाई', वापराचा हक्क: ३० वर्षं, पुढे २० ची मुदतवाढ, मग ३० चं नूतनीकरण. पण परदेशी माणसाच्या घराला प्रांतवार किमान किंमत ठरलेली आहे आणि आमच्या गावातलं एकही घर तिच्या जवळपास जात नाही. ती बालीची, जकार्ताची सोय आहे.

इथल्या मुलीशी लग्न करणार असाल तर मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नोटरीकडे जाऊन करा. नाही केला, तर लग्नानंतर तिनं घेतलेली जमीन दोघांची धरली जाते, आणि तुम्ही परदेशी म्हणून तिचीच मालकी अडचणीत येते. पूर्वी हा करार लग्नाआधीच करावा लागे. २०१६ च्या घटना न्यायालयाच्या निकालापासून नंतरही करता येतो.

दलाल तुम्हाला नुसांतारा, म्हणजे इंडोनेशियाची नवी राजधानी, दाखवतील. ऑगस्ट २०१९ मध्ये तिची घोषणा झाली आणि तेव्हापासून प्रत्येक चिखलाचा तुकडा 'राजधानीच्या जिल्ह्यात' आला. राजधानीचा काही भाग आमच्याच जिल्ह्यातून, कुताई कार्तानगारातून, घेतलाय, खरं आहे. पण हा जिल्हा २७ हजार चौरस किलोमीटरचा आहे, चंद्रपूर जिल्ह्याच्या दुपटीहून मोठा. चंद्रपूरला विमानतळ होणार म्हणून कुणी सिरोंच्यात प्लॉट विकला तर तुम्ही घ्याल?

हे दलाल सगळे इथले असतात असं समजू नका. जमिनीची सगळ्यात गोड कहाणी मी ऐकली ती समारिंडातल्या एका आपल्याच माणसाकडून, गरम पोळी खात. गावातले लोक उलट साधं सांगतात: "राहा ना, विकत कशाला?"

त्यांच्याशी बोलताना अजून एक. खाली मुआरा कामानला संस्कृत शिलालेखांचे यूप, म्हणजे यज्ञाचे दगडी खांब, सापडले, साधारण इसवी सन ४०० चे, राजा मूलवर्मनचे. मूळ खांब आता जकार्ताच्या संग्रहालयात आहेत. हे कळलं की नवा मराठी माणूस चहाच्या टपरीवर 'हे सगळं आमचंच' सुरू करतो. समोरचे कुताई लोक मुसलमान आहेत, त्यांना मूलवर्मन माहीत आहे, अभिमानही आहे, आणि तो त्यांचा राजा आहे. आपण चहा प्यावा.

भाडं वर्षाचं एकदम मागतात. पहिल्या वेळी सहा महिन्यांचंच द्या, आणि घर बघायला शक्यतो एप्रिल-मेमध्ये या, पाणी चढलेलं असताना. ऑगस्टमध्ये पाणी उतरलेलं असतं, तेव्हा इथलं प्रत्येक घर उंचावर दिसतं.