लाल कांद्यात पेशी बघायची ती अशी

आमच्या इंदुरात बी.कॉम.च्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना मी पुस्तकाआधी लाल कांदा हातात देते. जाड पाकळीच्या बाहेरच्या, जांभळ्या अंगाला ब्लेडने हलकी चीर द्या आणि चिमट्याने पापुद्रा अलगद सोला. नखाएवढा पुरे. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो सपाट पसरा. झाकणकाच तिरकी धरून हळूच टेकवा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि दरवर्षी कुणीतरी तेच पेशी समजून वहीत काढतं.

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि आधी 10 पटीचं भिंग लावा. विटांच्या भिंतीसारख्या जांभळ्या पेशी दिसतील. तो रंग रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीच्या आतल्या पाण्याच्या पिशवीतल्या, रसाचा.

आता खरं बघण्यासारखं. 100 मिलीलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवा. झाकणकाचेच्या एका कडेला त्याचा थेंब सोडा, समोरच्या कडेला टिपकागद लावा आणि डोळा हलवू नका. पेशीतलं पाणी बाहेर जातं, जांभळा भाग आक्रसून भित्तिकेपासून, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या ताठ भिंतीपासून, सुटतो. भित्तिका मात्र जागच्या जागी. लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तेच हे. मग तसंच साधं पाणी सोडा. बऱ्याच पेशी पुन्हा भरतात, आणि त्या क्षणी वर्ग अगदी गप्प होतो.