तुटपुंज्या साधनांत प्रोस्टेट कर्करोगाचे निदान : या चुका टाळा

जिथे एमआरआयची सोय नाही आणि बोन स्कॅनसाठी रुग्णाला दूर पाठवावे लागते, तिथे सर्वांत महाग पडते ती तपासण्यांच्या क्रमात झालेली चूक.

सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे गुदमार्गातून बोटाने करायची तपासणी टाळणे. सुमारे 70 टक्के कर्करोग प्रोस्टेट ग्रंथीच्या परिघीय, म्हणजे बाहेरच्या भागात सुरू होतात आणि या भागाची मागची बाजू गुदाशयाला लागून असल्यामुळे कठीण गाठ, खडबडीतपणा किंवा दोन बाजूंमधला फरक बोटाला जाणवू शकतो. हातमोजा आणि थोडी जेली एवढ्यावर होणारी ही तपासणी रुग्णाच्या, आणि खरे सांगायचे तर डॉक्टरांच्याही, संकोचापायी राहून जाते. अर्थात बोटाला काही लागले नाही म्हणून कर्करोग नाही, असे मानता येत नाही.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाची रक्तातील पातळी मोजणाऱ्या चाचणीबाबत अधिक सावध राहावे लागते. मूत्रमार्गाचा संसर्ग, लघवी तुंबणे, नुकताच घातलेला कॅथेटर किंवा वयोमानाने वाढलेली साधी ग्रंथी, यांपैकी कशानेही हा आकडा चढतो; म्हणून संसर्ग बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून रक्त घ्यावे आणि किंचित वाढलेला आकडा बायॉप्सी (ग्रंथीचे सुईने नमुने काढून तपासणे) ठरवण्यापूर्वी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासावा. लक्षणे नसलेल्या पुरुषाला केवळ पीएसए उतरावा म्हणून प्रतिजैविके देणे चुकीचे आहे. उलट, फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड ही वाढलेल्या ग्रंथीवरची औषधे सहा महिने किंवा अधिक काळ चालू असेल, तर पीएसए जवळपास निम्मा दिसतो आणि तो दुप्पट करून वाचावा लागतो; त्यामुळे रक्त काढण्याआधी औषधांची चौकशी केलीच पाहिजे. 4 ते 10 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या पट्ट्यात साधारण चारपैकी एकालाच कर्करोग आढळतो, तर 4 च्या खालचा आकडाही पूर्ण निर्धास्त करत नाही. साधी सोनोग्राफी उपलब्ध असल्यास पीएसएला ग्रंथीच्या मिलिलिटरमधील आकारमानाने भागावे, भागाकार 0.15 च्या वर गेला की संशय वाढतो.

लघवीचा त्रास नाही म्हणजे प्रोस्टेट ठीक आहे, हा समज रुग्णांइतकाच आरोग्य कर्मचाऱ्यांतही आढळतो. सुरुवातीचा कर्करोग बहुधा कोणतेच लक्षण देत नाही. वाढलेल्या ग्रंथीची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्यांनाही पुढे कर्करोग होऊ शकतो, कारण तिच्यात परिघीय भाग मागे राहतो.

बायॉप्सीआधी लघवीतील संसर्ग तपासला नाही, तर जंतुदोष रक्तात पसरण्याचा धोका वाढतो. सोनोग्राफीचे मार्गदर्शन नसल्यास बोटाला लागणाऱ्या गाठीतून बोटाच्या आधाराने नमुने घेता येतात. मात्र उजव्या-डाव्या बाजूचे नमुने एकाच बाटलीत टाकणे, नमुना टिकवणारे फॉर्मॅलिन अपुरे भरणे किंवा पीएसए न कळवता नमुना पाठवणे, यांमुळे कष्टाने मिळालेला नमुना वाया जाऊ शकतो. अहवालात ग्लीसन स्कोअर, म्हणजे कर्करोग किती आक्रमक आहे हे सांगणारा आकडा नसेल, तर तो मागून घ्यावा. त्याशिवाय उपचारांचे नियोजन होत नाही.

सर्वांत मोठे नुकसान आजार पसरल्यावर नुसत्या वाट पाहण्याने होते. पीएसए 100 च्या वर, ग्रंथी दगडासारखी आणि कंबरेत सतत दुखणे, असे चित्र असेल तर मणक्याच्या व कटीच्या साध्या एक्स-रेतही हाडांतील पांढरे, घट्ट डाग दिसू शकतात. पायांतील शक्ती कमी होऊ लागली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जूवर दाब आल्याचे समजून त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करावे आणि रुग्णाला पुढे पाठवावे. स्कॅनच्या तारखेसाठी थांबू नये. अशा वेळी संप्रेरके दाबणारे ल्युप्रोलाइडसारखे इंजेक्शन एकटेच देणे घातक ठरू शकते, कारण ते सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे या कर्करोगाला पोसणारे पुरुषी संप्रेरक, वाढवते. दोन्ही अंडकोष काढण्याच्या शस्त्रक्रियेने मात्र तीच पातळी साधारण 12 तासांत खाली येते, आणि ही शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊनही करता येते.